कॅमेऱ्याचं वय कुठून मोजायचं?

मुंबईच्या फोर्ट भागातल्या बोरा बाजारात वापरलेला कॅमेरा बघायला गेलेलं जाणतं गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नाही. 'शटर काउंट किती?' असं विचारतं. या बॉडीनं आजवर किती वेळा क्लिक केलंय, त्याचा तो हिशेब. बॉडी कुठल्या सालची, हे मागाहून निघतं. मला या रिवाजाचं कौतुक वाटतं, कारण कॅमेऱ्याचं वय वर्षांत मोजून काही कळत नाही हे त्या गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक असतं. खरं तर ते एका आकड्यातही मावत नाही. एकाच बॉडीच्या पोटात चार-पाच निरनिराळी वयं नांदत असतात. पडद्याचं, म्हणजे शटरचं, वय वेगळं, सेन्सरचं वेगळं, काचेचं वेगळं आणि आतल्या मेंदूचं तर फारच वेगळं. स्वस्तातला जुना घ्यावा की पैसे जमवून नवा, हे ठरवताना यांतलं कुठलं वय आपल्याला नडणार आहे तेवढं पाहायचं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक जोडी समोर ठेवतो. एकीकडे निकॉन डी७५०. सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेला, आरसेवाला डीएसएलआर. ३६ बाय २४ मिलिमीटरचा फुल फ्रेम सेन्सर, २४.३ मेगापिक्सेल. दुसरीकडे नोव्हेंबर २०२४ मधला निकॉन झेड५०-टू. मिररलेस, सेन्सर लहान, २०.९ मेगापिक्सेल, सोबत १६-५० मिलिमीटरची किट लेन्स, पक्कं बिल आणि कंपनीची वॉरंटी. मधे दहा वर्षं. मेगापिक्सेलची गोष्ट इथेच संपवून टाकू: २४ मेगापिक्सेलचा फोटो वीस बाय तेरा इंचांचा छापला तरी एकही ठिपका उठून दिसत नाही. आणि २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीच्या मुख्य कॅमेऱ्यांचे सेन्सर अवघे दोन मेगापिक्सेलचे आहेत.

आधी पडदा. डी७५० चं बटण दाबलं की कानावर एकच 'खट्' येतो. तेवढ्यात आत काय काय उरकतं ते बघा. लेन्सच्या मागे तिरपा उभा असलेला आरसा वर उडतो. त्याच्या पाठीशी असलेला छोटा आरसा मिटतो. सेन्सरसमोरचा पहिला पडदा सरकतो, सेन्सर उघडा पडतो, आणि दुसरा पडदा मागून येऊन तो झाकतो. हे पडदे म्हणजे अतिशय पातळ पात्यांची घडी. २४ मिलिमीटरचं अंतर ती तीन-चार सहस्रांश सेकंदात कापते. म्हणजे ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वेग, तोही बोटाच्या एका पेराएवढ्या वाटेवर, आणि पलीकडे पोचताच जागच्या जागी थांबायचं.

खरी गंमत पुढे आहे. १/४००० सेकंदाचा फोटो काढायचा तर पडदा तेवढ्यात उघडून मिटणं शक्यच नाही. नुसतं पलीकडे पोचायलाच त्याला त्याच्या दहा-पंधरापट वेळ लागतो. मग युक्ती अशी, की पहिला पडदा थोडासा सरकला की लगेच दुसरा सोडायचा. दोघांच्या मधे दीड-दोन मिलिमीटरची फट उरते आणि ती सेन्सरवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जाते. अख्खा सेन्सर एका वेळी कधीच उघडा नसतो. फोटोतलं आभाळ आणि फोटोतली जमीन यांच्यात काही सहस्रांश सेकंदांचा फरक पडलेला असतो. ज्याला आपण 'टिपलेला क्षण' म्हणतो तो असा थोडा थोडा करून गोळा केलेला असतो. फ्लॅश लावला की साधारण १/२०० च्या पुढे कॅमेरा जाऊ देत नाही त्याचं कारणही हीच फट. त्याहून वेगात गेलं तर फ्लॅशचा लखकन पडलेला उजेड फटीपुरताच आत शिरेल आणि बाकीचा फोटो काळा राहील.

जाता जाता आणखी एक. आरसा वर असतो तेवढा वेळ व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार असतो. म्हणजे डीएसएलआरवाल्यानं टिपलेला क्षण हा नेमका त्यानं न पाहिलेला क्षण. वानखेडेवर चेंडू बॅटला लागतानाचे फोटो ज्यांनी आरसेवाल्या कॅमेऱ्यातून काढले, त्यांनी त्या घटकेला अंधार पाहिलाय.

इतकी धावपळ करणारं यंत्र झिजणारच. डी७५० चं शटर निकॉननं दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. लग्नाचे फोटो काढणारा माणूस एका दिवसात तीन हजार क्लिक करतो असं धरलं, तर दीड लाख म्हणजे पन्नास लग्नं. दोन-तीन हंगामांत आटोपलं. तोच कॅमेरा महिन्याला पाचशे फोटो काढणाऱ्या हौशी माणसाकडे असता तर पंचवीस वर्षं पुरला असता. एकाच दिवशी, एकाच दुकानातून बाहेर पडलेल्या दोन बॉड्यांपैकी एक म्हातारी आणि एक कोवळी असू शकते ती अशी. अर्थात दीड लाख ही काही मरणाची तारीख नाही. पुष्कळ शटर त्यापुढेही चालतात, आणि मोडलं तर शटर बदलूनही मिळतं. मात्र तो खर्च जुन्या बॉडीच्या किमतीच्या मानानं टोचतो. निकॉनच्या कॅमेऱ्यात हा आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लपलेला असतो. दुकानातच एक फोटो काढायचा, ती फाइल आपल्याकडे घ्यायची आणि आकडा वाचायचा. दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यापेक्षा हा बरा.

आता सेन्सर. तिथे हलणारं काही नाही, त्यामुळे क्लिकांनी तो झिजत नाही. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, सिलिकॉनवर आदळतो आणि एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. पिक्सेलमध्ये साचलेले इलेक्ट्रॉन मोजले की त्या जागी किती उजेड होता ते कळतं. मग नवा सेन्सर जुन्यापेक्षा चांगला असतो म्हणजे काय असतो? अंधारात काढलेल्या फोटोत जी रवाळ खरखर दिसते, ज्याला फोटोवाले नॉइज म्हणतात, ती त्यात कमी असते, असा आपला समज. तो बराचसा खरा होता, काही वर्षांपूर्वीपर्यंत.

कारण ती खरखर मुख्यतः सेन्सरची नाही, प्रकाशाची आहे. वळवाच्या पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या फरशांवर पडताना आठवा. एका फरशीवर चार पडतात, शेजारचीवर नऊ, तिसरीवर दोन. ढग सगळ्यांवर सारखाच, तरी वाटणी अशी. सर जोरात आली की मग सगळ्या फरशा सारख्याच भिजतात. फोटॉनही असेच येतात, आपापल्या लहरीनं. आणि त्या लहरीलाही नियम आहे: सरासरी जितके फोटॉन यायला हवेत, त्याच्या वर्गमूळाइतकी कमी-जास्त होणार. भर उन्हात एका पिक्सेलमध्ये दहा हजार आले तर फरक शंभराचा, म्हणजे शेकडा एक. डोळ्यांना जाणवतही नाही. मिणमिणत्या सभागृहात शंभरच आले तर फरक दहाचा, शेकडा दहा. एकाच रंगाच्या भिंतीवर शेजारशेजारचे पिक्सेल वेगवेगळे उमटतात. ती झाली खरखर. समोरचा गायक, मागचा पडदा, तबल्याची पुडी, सगळ्यांवरून येणारा उजेडच कणाकणांचा असतो आणि कॅमेरा ते कण इमानानं दाखवतो.

सेन्सर बनवणाऱ्यांच्या हातात दोनच गोष्टी. आलेल्या फोटॉनपैकी जास्तीत जास्त पकडायचे, आणि मोजताना आपल्या बाजूनं चूक कमी करायची. आजचे चांगले सेन्सर समोर आलेल्या फोटॉनपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त पकडतात. म्हणजे उद्या कुणी शंभरातले शंभर पकडणारा सेन्सर बनवला, तरी फायदा फार तर दुपटीचा. मोजणीतली चूक तर डी७५० च्या पिढीतच, चढ्या आयएसओवर, म्हणजे कमी उजेडासाठीच्या सेटिंगवर, दोन-तीन इलेक्ट्रॉनांपर्यंत खाली आली होती. एका पिक्सेलमध्ये, मिठाच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान चौकोनात, किती इलेक्ट्रॉन आहेत हे दोन-तिनांच्या फरकानं सांगणारं यंत्र माणसं हौसेनं गळ्यात अडकवून फिरतात आणि ते आता सेकंडहँड मिळतं! मी हे वाचलं तेव्हा काही वेळ पुढचं वाचलंच नाही.

म्हणून प्रकाशाच्या बाबतीत २०१४ चा सेन्सर म्हातारा नाही. उलट इथे आकारमान वरचढ ठरतं. डी७५० च्या सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, झेड५०-टू च्या सेन्सरचं ३६९ च्या आसपास. तेवढ्याच वेळात, तेवढ्याच छिद्रातून जुना कॅमेरा सव्वादोनपटीहून अधिक प्रकाश गोळा करतो. दहा वर्षांची प्रगती ही तफावत भरून काढू शकत नाही. शिवाय 'नव्या' कॅमेऱ्याचा २०.९ मेगापिक्सेल हा आकडा निकॉननं २०१६ च्या डी५०० मध्येही दिला होता. डोळा ओळखीचा, मेंदू नवा.

सेन्सर झिजत नाही म्हटलं खरं, पण त्यालाही एक वय असतं आणि ते येतं आकाशातून. अवकाशातले वैश्विक किरण वातावरणावर आदळतात, त्यातून न्यूट्रॉनांचे फवारे खाली येतात. एखादा न्यूट्रॉन सिलिकॉनच्या स्फटिकातल्या अणूला जागेवरून ढकलून देतो आणि त्या पिक्सेलमध्ये अंधारातही वीज झिरपायला लागते. फोटोत तिथे एक लाल, निळा किंवा पांढरा ठिपका कायमचा बसतो. कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यालाही हे चुकत नाही. विमानातून फिरलेल्याला जरा जास्तच. लेन्सवर टोपी लावून तीस सेकंदांचा फोटो काढला की हे ठिपके दिसतात. चार-दोन असले तर काळजी नको. शेजारच्या पिक्सेलांवरून ती जागा भरून काढता येते.

सेन्सरच्या गप्पांत लेन्सचं गणित बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि पैशांचा खरा निकाल तिथे लागतो. किट लेन्सचं छिद्र ५० मिलिमीटरवर फार तर एफ/६.३ एवढं उघडतं. साधी, स्वस्त, वापरलेली ५० मिलिमीटरची प्राइम (झूम न होणारी) लेन्स एफ/१.८ ला उघडते. ५० ला या आकड्यांनी भागलं की पहिल्या छिद्राचा व्यास ८ मिलिमीटर, दुसऱ्याचा जवळपास २८. प्रकाश व्यासाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे बारापट. त्यात सेन्सरच्या क्षेत्रफळाची सव्वादोनपट गुणली की शाळेच्या स्नेहसंमेलनात डी७५० आणि जुनी पन्नास ही जोडी नव्याकोऱ्या किटपेक्षा अठ्ठावीसपटीच्या आसपास प्रकाश पिऊन घेते. नव्या कॅमेऱ्यालाही मोठ्या छिद्राची लेन्स लावता येते, हे कबूल. पण ती वेगळी घ्यावी लागते, आणि तेव्हा दोघांच्या किमतीतलं अंतर आणखी रुंदावतं.

इथवर वाचून जुन्याकडे धाव घेऊ नका. ज्या मेंदूचा मघाशी ओझरता उल्लेख केला, तिथे मामला उलटा आहे.

फोकस लावायला कॅमेरा काय करतो? लेन्सच्या डाव्या काठातून दिसणारं दृश्य आणि उजव्या काठातून दिसणारं दृश्य ताडून पाहतो. दोन्ही जुळली तर फोकस बरोबर. सरकलेली असली तर किती आणि कुठल्या बाजूला सरकली यावरून लेन्स किती फिरवायची ते कळतं. डी७५० मध्ये हे काम बॉडीच्या तळाशी बसवलेला वेगळा सेन्सर करतो. मोठ्या आरशाचा काही भाग प्रकाश आरपार जाऊ देतो, मागचा छोटा आरसा तो खाली वळवतो. मोजमाप घेणारे बिंदू ५१, सगळे मधल्या भागात गोळा झालेले. आणि ज्या जागी फोटो उमटतो, तिथे मोजमाप होतच नाही. आरसा केसभर हलला तर फोकस डोळ्यांऐवजी कानावर बसतो.

झेड५०-टू मध्ये हे मोजणारे पिक्सेल खुद्द सेन्सरमध्येच पेरलेले आहेत. जिथे फोटो तिथेच माप, त्यामुळे ही तफावत मुळातच नाहीशी होते. त्याच्या वर बसलाय ओळखणारा मेंदू. माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, गाडी, मोटारसायकल, सायकल, आगगाडी, विमान असे नऊ प्रकार तो ओळखतो. माणसाचा डोळा सापडला की चौकट त्यावर जाऊन बसते आणि माणूस वळला, चालला तरी सोडत नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचा थवा उठतो तेव्हा बोटांनी बिंदू हलवत बसायला सवड नसते. डी७५० नं असे फोटो वर्षानुवर्षं निघालेत, पण त्यात फोटो काढणाऱ्याच्या हाताचा रियाज होता. तो रियाज आता चिपमध्ये भरून मिळतो.

या हुशारीची किंमत बॅटरीत वसूल होते. आरशातून दिसणाऱ्या दृश्याला वीज लागत नाही. मिररलेसमध्ये मात्र नुसतं पाहायलाही सेन्सर, चिप आणि स्क्रीन सतत जागे ठेवावे लागतात. ठरलेल्या चाचणीत डी७५० एका बॅटरीवर १२३० फोटो काढतो, झेड५०-टू अडीचशेच्या आसपास. चार दिवस हिमालयात जाणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं. वजनाचा विचार केला तर पारडं पुन्हा फिरतं: एक ८४० ग्रॅम, दुसरा ५५०.

माझं मत विचाराल तर घरातली माणसं, नाटक, गाण्याच्या मैफली, देवळं, डोंगर अशा न पळणाऱ्या गोष्टी टिपायच्या असतील आणि खिसा आखडता असेल, तर कमी क्लिक झालेला डी७५० आणि पन्नासची प्राइम. पक्षी, धावणारी पोरं, व्हिडिओ यांत रस असेल तर नवा. निकॉनचा शेवटचा डीएसएलआर २०२० मध्ये आला, पुढे या घराण्यात नवं काही आलेलं नाही. सुटे भाग आज ना उद्या आटणार, हे जुना घेताना किमतीत धरायचं. एक खुबी मात्र जुन्याच्या पदरात पडते. निकॉनच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांचं लेन्स अडकवायचं कडं १९५९ पासून तेच आहे, आणि १९७७ नंतरच्या बहुतेक लेन्स डी७५० वर बसतात. बिनमोटरच्या जुन्या ऑटोफोकस लेन्सना फिरवायला त्याच्या बॉडीत स्वतःची मोटर आहे. नव्या झेड कॅमेऱ्यावर त्या निकॉनचा अडॅप्टर लावून बसतात, पण फोकस हातानंच लावावा लागतो.

राहिली काच. जुनी लेन्स घेताना आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणातली असेल तर, बुरशी पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत. छिद्र पूर्ण उघडायचं आणि मोबाइलचा टॉर्च मागून लावून तिरप्या नजरेनं आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर लेन्स परत द्यायची. बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडेच असतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत, बंद बॅगेत, काचेवरच्या धुळीच्या आणि तेलकटपणाच्या अंशावर ती पोसते आणि आम्ल सोडते. ते आम्ल काचेवरचा लेप खातं, आणि मग बुरशी पुसली तरी तिची नक्षी मागे राहते.

तो लेप किती जाड असतो? मॅग्नेशियम फ्लोराइडचा साधा थर सुमारे १०० नॅनोमीटरचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या त्या थरातल्या लहरीच्या एक चतुर्थांश. पण तो काय काम करतो ते पाहा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. झूम लेन्समध्ये असे वीस पृष्ठभाग सहज असतात. प्रत्येक ठिकाणी चार टक्के गमावत गेलं तर शेवटी निम्म्याहून कमी प्रकाश पोचतो, आणि परत फिरलेला प्रकाश आतल्या आत भटकून फोटो पांढुरका करतो. लेपाच्या वरच्या आणि खालच्या बाजूनं परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडून काढतात. जो प्रकाश परत फिरला असता तो आत जातो.

आणि हे कळलं कसं? जुन्या लेन्समुळे. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये लेन्स बनवणाऱ्या डेनिस टेलरच्या ध्यानात आलं, की वापरून डागाळलेल्या, काळसर-निळसर झाक आलेल्या लेन्समधून नव्या चकचकीत लेन्सपेक्षा जास्त प्रकाश पार होतो. हवेनं काचेवर जो पातळ थर चढवला होता, तोच तिला उपकारक ठरला होता. टेलरनं १९०४ मध्ये नव्या काचेवर रसायनांनी मुद्दाम तशी झाक आणण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. निर्वात पेटीत मोजून-मापून लेप चढवण्याची रीत झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुलानं १९३५ मध्ये शोधली, आणि आजच्या लेन्स त्याच वाटेनं आल्या. तेव्हा जुनी लेन्स उजेडात धरल्यावर जांभळी, निळी किंवा अंबर रंगाची एकसारखी झाक दिसली तर बिचकू नका. तो लेप शाबूत असल्याचं ते लक्षण आहे. त्या झाकेत तंतू दिसले, तरच लेन्स दुकानदाराच्या हातात परत द्या.